घरगुती गॅरेजमधील एअर कॉम्प्रेसरची निवड : दाबयुक्त हवेच्या मोजमापाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठीत 'गॅरेज' हा शब्द उच्चारताच मोटार दुरुस्तीचे दुकान, ऑइलने काळवंडलेली जमीन आणि तेथील मिस्त्री डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र गॅरेज ही प्रामुख्याने घराचीच एक खोली होय. मोटार ठेवण्यासाठी बांधलेली ही खोली विसाव्या शतकाच्या ओघात हौशी कारागिराची कार्यशाळा बनली. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे विल्यम ह्युलेट व डेव्हिड पॅकार्ड यांनी १९३८-३९ मध्ये अशाच एका गॅरेजमध्ये आपल्या उद्योगाचा प्रारंभ केला आणि १९८७ मध्ये त्या साध्या लाकडी वास्तूला राज्याच्या ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, यावरून या खोलीचे अमेरिकन जीवनातील स्थान लक्षात यावे.

अशा घरगुती कार्यशाळेत एअर कॉम्प्रेसर घ्यावयाचा झाल्यास तो कोणता घ्यावा, हा प्रश्न वरकरणी केवळ बाजारहाटीचा वाटतो. वस्तुतः त्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. हवा विकत घेणाऱ्याने नेमके काय मोजावे, तिचा दाब, तिचे आकारमान की ती दाबणाऱ्या यंत्राची अश्वशक्ती, या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली. हा बदल तांत्रिक प्रगतीने जितका घडवला तितकाच विक्रीच्या पद्धतीनेही घडवला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. गॅरेजमधील ग्राहकाची जी फसगत पुढे न्यायालयापर्यंत गेली, तिचे मूळ या बदलातच शोधावे लागते.

बोगद्यातील हवा

लोहाराचा भाता हे हवा दाबून वापरण्याचे सर्वांत जुने साधन. १६५० च्या सुमारास जर्मनीतील माग्देबुर्ग येथे ऑटो फॉन गेरिके याने हवेचा पंप तयार केला. १६६२ मध्ये रॉबर्ट बॉइल याने हवेचा दाब व आकारमान यांचे व्यस्त प्रमाण मांडले. तापमान कायम असताना दाब दुप्पट झाला की आकारमान निम्मे होते, हा तो नियम. १७७६ मध्ये जॉन विल्किन्सन याने वाफेच्या एंजिनावर चालणारे हवा फुंकण्याचे यंत्र आपल्या लोखंडाच्या भट्टीस जोडले. तथापि, या सर्व टप्प्यांत हवा होती ती आगीसाठी किंवा प्रयोगासाठी. हवेने हत्यार चालवावे, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आली ती आल्प्स पर्वतात.

फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या माँ सेनी बोगद्याचे काम १८५७ मध्ये सुरू झाले. सुमारे १३ किलोमीटर लांबीच्या या बोगद्यात मधून हवेसाठी उभी विहीर खोदणे शक्य नव्हते आणि वाफेचे एंजिन आत नेल्यास कामगार धुराने गुदमरले असते. अभियंता जेर्मे सोमेये याने पाण्याच्या पडत्या स्तंभाने हवा दाबून ती नळांतून आत नेली व १८६१ पासून तीवर खडक फोडण्याची यंत्रे चालवली. ही यंत्रे चालवून बाहेर पडलेली हवा कामगारांना श्वासासाठीही उपयोगी पडे. डिसेंबर १८७० मध्ये बोगद्याची दोन्ही टोके एकमेकांस मिळाली. सप्टेंबर १८७१ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. सोमेये मात्र तो समारंभ पाहण्यास जिवंत नव्हता; जुलैमध्येच त्याचे निधन झाले होते.

येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एका समकालीन घटनेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात, म्हणजे जवळजवळ त्याच वर्षांत चालू होते. तेथील २५ बोगद्यांसाठी कातळात सुरुंगाची भोके हातांनी पाडली गेली. आल्प्समध्ये हवा जे काम करत होती, ते सह्याद्रीत माणसांच्या दंडांनी केले. हा फरक यंत्राच्या उपलब्धतेचा खराच. पण मजुराच्या श्रमाची व प्राणाची किंमत किती धरली जात होती, याचाही तो निदर्शक आहे.

माँ सेनीच्या अभियंत्यांसमोर मोजमापाचा प्रश्न अगदी स्पष्ट होता. अमुक इतकी यंत्रे एकाच वेळी चालवावयाची, तर दर मिनिटास किती हवा लागेल, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. हवा दाबणाऱ्या चक्राची शक्ती हे साधन होते. हवेचे आकारमान हे साध्य होते.

नळाने घरपोच मिळणारी हवा

आकारमानाचा हा हिशेब सामान्य कारागिरापर्यंत पोहोचला तो पॅरिसमध्ये. या प्रकरणाकडे दाबयुक्त हवेच्या इतिहासात अनेकदा केवळ कुतूहल म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व फार मोठे आहे.

मूळचा ऑस्ट्रियन असलेल्या व्हिक्टर पॉप याने १८८० पासून पॅरिसमधील सार्वजनिक घड्याळे दाबयुक्त हवेवर चालवण्यास प्रारंभ केला. मध्यवर्ती केंद्रातून दर मिनिटाला हवेचा एक झोत नळांतून सोडला जाई आणि शहरभरच्या घड्याळांचे मिनिटकाटे एकदमच एक घर पुढे सरकत. लवकरच त्याच धर्तीवर, परंतु अधिक दाबाने, यंत्रे चालवण्यासाठी हवेचे स्वतंत्र जाळे रस्त्यांखाली पसरले. शिंपी, सुतार, लहान छापखाने यांनी रस्त्यातील नळाला जोडणी घ्यावी, आपल्या खोलीत छोटी हवेची मोटर बसवावी आणि तोटी फिरवून काम सुरू करावे, अशी ही व्यवस्था होती. बॉयलर नाही, कोळसा नाही, धूर नाही. पाण्याप्रमाणेच हवेलाही मीटर असे, आणि ग्राहक पैसे देई ते वापरलेल्या हवेच्या आकारमानाचे.

यातील मर्म असे की, पॅरिसच्या कारागिरास कॉम्प्रेसर निवडावाच लागत नव्हता. तो यंत्र विकत घेत नव्हता, हवा विकत घेत होता. मध्यवर्ती केंद्रातील एंजिन किती अश्वशक्तीचे आहे, याच्याशी त्यास काहीही कर्तव्य नव्हते. जानेवारी १९१० मध्ये सीन नदीला महापूर आला, केंद्रात पाणी शिरले आणि शहरातील घड्याळे एकाच क्षणी थांबली. सामायिक व्यवस्थेचा हा दोषही होता. हवेवरील घड्याळे १९२७ मध्ये बंद झाली, तरी यंत्रांसाठीचा हवापुरवठा मात्र १९९४ पर्यंत टिकला.

विजेच्या मोटरीने हे चित्र पालटले. वीज दूरवर नेणे हवा नेण्यापेक्षा स्वस्त पडू लागले आणि प्रत्येकाने आपापला कॉम्प्रेसर आपापल्या जागेत ठेवावा, हे व्यवहार्य झाले. ग्राहक हवेऐवजी यंत्र विकत घेऊ लागला. यंत्राच्या माथी ठळकपणे लिहिता येईल असा आकडा होता मोटरीच्या अश्वशक्तीचा.

घशाच्या औषधापासून मोटारीच्या रंगापर्यंत

कॉम्प्रेसर गॅरेजपर्यंत आणणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे टायर आणि रंग. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवा भरलेला टायर तयार केला. त्यानंतर जेथे वाहन तेथे हवा, हे समीकरण रूढ झाले. टायरला लागणारी हवा मात्र थोडी असते. ती हातपंपानेही भरता येते. मोठ्या प्रमाणावर व सातत्याने हवा मागणारे काम होते ते रंगाचे.

अमेरिकेतील ओहायो राज्यातील टोलेडो या गावी ॲलन डिव्हिलबिस या डॉक्टरने घशात औषध फवारण्याचे उपकरण बनवले व १८८८ मध्ये त्याचा उद्योग सुरू केला. त्याचा मुलगा थॉमस याने याच तत्त्वावर रंग फवारण्याची बंदूक विकसित केली. १९०७ हे तिचे वर्ष मानले जाते. तथापि, मोटारींवरील तत्कालीन तेलयुक्त रंग व व्हार्निश सुकण्यास अनेक दिवस, कित्येकदा आठवडे लागत. १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजवर आधारित झटपट सुकणारा रंग जनरल मोटर्सच्या 'ओकलँड' मोटारींवर प्रथम वापरण्यात आला. असा रंग कुंचल्याने नीट लावता येत नाही. तो लावतानाच सुकू लागतो. त्यामुळे फवारणी ही सोय न राहता गरज ठरली आणि मोटारीला रंग देणाऱ्या प्रत्येक दुकानात कॉम्प्रेसर येणे क्रमप्राप्त झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांतील घरांबरोबर गॅरेजही वाढली. जुन्या मोटारी विकत घेऊन त्यांची एंजिने बदलणे, पत्रे ठोकणे व रंगवणे हा तरुणांचा छंद बनला. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' हे मासिक निघाले. १९५१ मध्ये या मोटारींच्या शर्यतींसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. व्यावसायिक दुकानातील हत्यारे आता घरात हवी होती. अडचण एकच होती : घरातील वीज दुकानातील विजेसारखी नव्हती.

पाटीवरची अश्वशक्ती

अमेरिकन घरातील सामान्य सॉकेट १२० व्होल्टचे असते आणि त्याच्या सर्किटची मर्यादा बहुधा १५ अँपिअर असते. म्हणजे त्यातून जास्तीत जास्त १८०० वॉट मिळू शकतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. सर्व वीज जशीच्या तशी कामी आली असे क्षणभर धरले, तरी २.४ अश्वशक्तीच्या पुढे जाणे अशक्य आहे. आणि मोटरीतील घट वजा जाता हाती दोन अश्वशक्तीपेक्षाही कमीच उरते. असे असताना, विसाव्या शतकाच्या अखेरीस याच सॉकेटला जोडावयाच्या कॉम्प्रेसरवर पाच, सहा, अगदी साडेसहा अश्वशक्तीचे आकडे छापलेले आढळत. मोटर सुरू होताना क्षणभर ओढली जाणारी शक्ती घेऊन तिला 'कमाल' अश्वशक्ती म्हटले जाई. शाळेतील विज्ञानाच्या आधारे कोणालाही हा गुणाकार करता आला असता. तो सहसा कोणी केला नाही, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

ग्राहकांनी अखेर सामूहिक दावा दाखल केला आणि २००४ मध्ये त्यात तडजोड झाली. त्यानंतर फुगवलेल्या अश्वशक्तीचा जोर ओसरला व खोक्यांवर हवेच्या पुरवठ्याचे आकडे पुढे आले. पॅरिसच्या मीटरवर जे मोजले जात होते, ते शंभर वर्षांच्या वळणानंतर ग्राहकासमोर परत आले. तेही पूर्णतः निर्दोष नव्हे. एकाच यंत्राचा पुरवठा ४० पाउंड दाबास मोजल्यास आकडा मोठा येतो, ९० पाउंडास मोजल्यास लहान. बहुतेक हत्यारे ९० पाउंडावर चालतात. म्हणून दुसरा, लहान आकडाच ग्राहकाच्या कामाचा होय.

हत्याराची भूक

येथे निवडीचा मूळ प्रश्न माँ सेनीच्याच स्वरूपात पुन्हा उपस्थित होतो. लाकडी पट्ट्यांना बारीक खिळे मारण्याच्या बंदुकीस हवा अत्यल्प लागते. कुठलाही लहान कॉम्प्रेसर तिला पुरतो. चाकाचे नट उघडणाऱ्या इम्पॅक्ट रेंचला दर मिनिटास चार-पाच घनफूट हवा लागते; परंतु तो काही सेकंदच चालतो आणि मग थांबतो. पत्रा घासणारा सँडर व रंगाची बंदूक ही मात्र खरी खादाड हत्यारे. दहा घनफूट वा त्याहून अधिक हवा, आणि तीही सलग, हा त्यांचा आहार आहे. घरगुती सॉकेटवर चालणारा उत्तम कॉम्प्रेसर ९० पाउंड दाबास पाच-सहा घनफुटांपर्यंत जातो. ही तूट टाकीने भरून निघेल, असा समज सार्वत्रिक आहे.

या समजाची परीक्षा बॉइलच्या नियमाने करता येते. २० गॅलनची टाकी म्हणजे सुमारे ७६ लिटर, अर्थात २.६७ घनफूट. तिच्यातील दाब १२५ पाउंडांवरून ९० वर येईपर्यंत ३५ पाउंडांची घट होते. वातावरणाचा दाब १४.७ पाउंड धरल्यास ही घट २.३८ वातावरणाइतकी भरते. याचा अर्थ टाकीतून मिळणारी उपयुक्त हवा केवळ ६.४ घनफूट. सँडर दहा घनफूट ओढतो, कॉम्प्रेसर पाच घनफूट पुरवतो. पाच घनफुटांची तूट टाकी भरून काढते ती सव्वा मिनिट. त्यानंतर कारागिराने हात थांबवून वाट पाहावयाची. टाकी तिप्पट, म्हणजे ६० गॅलनची घेतली, तर पावणेचार मिनिटे मिळतील. पण मग ती भरण्यासाठी थांबावेही तिप्पट लागेल. टाकी हवा साठवते, निर्माण करत नाही. मोठ्या टाकीवर लहान यंत्र बसवून विकणे हा अश्वशक्तीच्या आकड्याइतकाच परिणामकारक, परंतु न्यायालयात न गेलेला प्रकार होय.

यावरून दिसते की, ज्याला खिळे मारणे, टायर भरणे व नट उघडणे एवढेच करावयाचे आहे, त्याने मोठ्या यंत्रावर पैसा घालणे व्यर्थ आहे. ज्याला मोटार रंगवावयाची आहे, त्याने प्रथम कॉम्प्रेसरचा नव्हे तर विजेच्या जोडणीचा विचार करावयास हवा. अमेरिकेत त्यासाठी गॅरेजपर्यंत २४० व्होल्टची स्वतंत्र तार आणावी लागते, आणि बऱ्याचदा तिचा खर्च कोणी हिशेबात धरलेला नसतो.

उष्णता, तेल आणि पाणी

हवा दाबली की तापते. २० अंश सेल्सियसची हवा एकाच झटक्यात आठ वातावरणांपर्यंत दाबल्यास, उष्णता कोठेही गेली नाही असे धरून केलेल्या गणिताने तिचे तापमान अडीचशे अंशांच्या पुढे जाते. १८७२ ते १८८२ या काळात खोदलेल्या सेंट गोथार्ड बोगद्यासाठी जिनिव्हाच्या दानियेल कोलादों याने सिलिंडरमध्येच पाण्याचे तुषार सोडून ही उष्णता काढली. आजच्या दोन टप्प्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये पहिल्या सिलिंडरमधून निघालेली हवा पंख असलेल्या नळीतून गार करून दुसऱ्यात नेली जाते. तत्त्व तेच.

तेलाविना चालणाऱ्या कॉम्प्रेसरांत पिस्टनच्या रिंगा टेफ्लॉनच्या असतात. रॉय प्लंकेट याला १९३८ मध्ये अपघातानेच सापडलेला हा पदार्थ. ही यंत्रे हलकी, स्वस्त व देखभालीस सोपी असतात. परंतु वेगाने फिरत असल्याने कर्कश आवाज करतात आणि लवकर झिजतात. घराला लागून असलेल्या खोलीत, शेजारी झोपलेले असताना, आवाज हा गौण मुद्दा राहत नाही. बिडाच्या सिलिंडरचा, पट्ट्यावर सावकाश फिरणारा, तेल घातलेला कॉम्प्रेसर जड व महाग असतो, पण तो दुरुस्त करता येतो. रंगकाम करणाऱ्यास मात्र त्याच्या हवेतील तेलाचा अंश गाळून घ्यावा लागतो.

पाण्याचे तसेच आहे. दाबलेली हवा टाकीत गार झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते व तळाशी साचते. तळाची तोटी उघडून ते रोज सोडले नाही तर टाकी आतून गंजते, आणि बाहेरून तिचा रंग अगदी नवा दिसत राहतो.

टाकीवरील पट्टी

मार्च १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथे चपलांच्या एका कारखान्यातील बॉयलर फुटून ५८ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेनंतर त्या राज्याने बॉयलरविषयी नियम केले आणि पुढे अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने तयार केलेली संहिता १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. अग्नीशी संबंध नसलेल्या दाबपात्रांसाठी तीत १९२५ मध्ये स्वतंत्र विभाग जोडण्यात आला. कॉम्प्रेसरच्या टाकीवर कमाल दाब दर्शवणारी धातूची जी छोटी पट्टी असते, तिच्यामागे हा इतिहास आहे. जुना कॉम्प्रेसर घेणाऱ्याने मोटरीचा आवाज ऐकण्यापूर्वी ही पट्टी वाचावी व तळाचा पत्रा पाहावा, हे अधिक श्रेयस्कर. गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावलेले असल्यास ती घेऊच नये.

घरगुती कार्यशाळेत स्वस्त म्हणून प्लास्टिकच्या पीव्हीसी नळांतून हवा नेण्याची प्रथा पडली होती. पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पाण्याचा नळ फुटला तर गळतो, हवेचा नळ फुटला तर त्याच्या तुकड्यांच्या गोळ्या होतात. अमेरिकन शासनाच्या कामगार सुरक्षा विभागाने १९८८ मध्ये याविषयी इशारा दिला. तांब्याचे किंवा लोखंडी नळ वापरल्यास हा धोका टळतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ मध्ये आणि स्वीडनच्या ॲटलास कॉप्को कंपनीची भारतीय शाखा १९६० मध्ये सुरू झाली. कोइमतूर येथील एल्गी हा उद्योगही १९६० चाच. कारखाने, खाणी व रेल्वे यांच्याबरोबरच रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत कॉम्प्रेसर पोहोचला. येथील घरांतील वीज २३० व्होल्टची असल्याने अमेरिकन सॉकेटची अडचण त्याच स्वरूपात येत नाही. मात्र घरी स्वतंत्र कार्यशाळा थाटण्याची ऐपत व जागा फार थोड्यांकडे असल्याने हवेचे काम बव्हंशी बाहेरच्या मिस्त्रीकडेच राहिले. एका अर्थी पंक्चरचे दुकान हेच आपले पॅरिस. तेथे आजही हवा विकत मिळते, यंत्र घ्यावे लागत नाही.

भाषेतही या इतिहासाचे थर दिसतात. टायरमध्ये 'तीस पाउंड हवा' भरली जाते. म्हणजे दाबालाच हवेचे माप समजले जाते. दुकानात कॉम्प्रेसर मागणाऱ्यास पहिला प्रश्न 'किती एचपीचा?' असा येतो. हवा किती, हे कोणी विचारत नाही. भारतीय उत्पादकांच्या माहितीपत्रकांत बहुधा दोन आकडे शेजारी-शेजारी दिलेले असतात : पिस्टन दर मिनिटास किती जागा व्यापतो तो एक, आणि प्रत्यक्षात बाहेर किती हवा पडते तो दुसरा. सिलिंडरच्या कोपऱ्यात उरणारी हवा, झडपांची गळती व उष्णता यांमुळे दुसरा आकडा नेहमीच लहान असतो. विक्रेत्याचे बोट बहुधा पहिल्यावर असते. सँडर चालणार तो दुसऱ्यावर.